कोरे मन, लिहिलेली वही

१९०७ सालचा डिसेंबर संपत आला होता. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जहाल आणि मवाळ यांच्यात उभी फूट पडली, मांडव उधळला गेला, आणि जहालांचे एक पुढारी अरविंद घोष तिथून बडोद्याला आले. बडोदे त्यांना परके नव्हते. १८९३ पासून १९०६ पर्यंत त्यांनी त्या संस्थानात नोकरी केली होती. या खेपेला मात्र राजकारणाच्या जोडीला त्यांना आणखी एक काम उरकायचे होते. योगाची वाट दाखवणारा कोणी माणूस त्यांना हवा होता. धाकटे भाऊ बारीन्द्र यांनी ग्वाल्हेरहून एका मराठी योग्याला बोलावून घेतले. त्यांचे नाव विष्णू भास्कर लेले. सरदार मुजुमदारांच्या वाड्यात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोघे तीन दिवस बसले.

लेल्यांनी सांगितले ते ऐकायला अगदी सोपे होते. ध्यानाला बसा, विचार करू नका, नुसते मनाकडे पाहत राहा. विचार बाहेरून येताना दिसतील. ते आत शिरण्याआधीच त्यांना परत पाठवा.

विचार बाहेरून येतात, हे अरविंदांनी त्यापूर्वी कधी ऐकलेले नव्हते. केंब्रिजला शिकलेला, ग्रीक-लॅटिन कोळून प्यायलेला माणूस. 'हे कसे शक्य आहे' म्हणून त्यांनी वाद घातला असता तर कोणाला नवल वाटले नसते. त्यांनी वाद घातला नाही, बसून पाहिले. विचार खरोखरच बाहेरून येताना दिसले, आणि तीन दिवसांत मन निःशब्द झाले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. गंमत अशी की लेले होते भक्तिमार्गी. शिष्याला जो निर्गुणाचा अनुभव आला, तो ना गुरूला अपेक्षित होता, ना शिष्याला.

खरी पंचाईत पुढेच झाली. जानेवारी १९०८ मध्ये मुंबईत अरविंदांचे जाहीर भाषण ठरलेले होते, आणि डोक्यात एक विचार शिल्लक नव्हता. बोलायचे काय? लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, बोलणे येईल. तसेच झाले. त्या दिवसापासून आपले बोलणे आणि लिहिणे डोक्यातल्या विचारातून आले नाही, असे अरविंद पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

मुंबईच्या त्या सभेत मग बोलले कोण? हा प्रश्न माझ्या मागे बरीच वर्षे लागला आहे, आणि हे पुस्तक त्यातूनच निघाले. माणूस विचार करून जे जाणतो आणि विचार न करता त्याला जे उमगते, या दोहोंचे नाते काय? दुसरे पहिल्यापेक्षा श्रेष्ठ आहे का? असेल तर पहिल्याने करायचे तरी काय? योगाची परंपरा विचाराला खरोखर इतकी कमी लेखते का, की तिच्या नावावर आपणच आपला आळस खपवतो आहोत?

शेवटचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. हल्ली 'मनाचं ऐका' हा सल्ला फार स्वस्त झाला आहे. योगवर्गाच्या जाहिरातीत, लग्नाच्या बैठकीत, शेअरबाजाराच्या गप्पांत, सगळीकडे 'आतला आवाज' हजर असतो. विचार करणारा माणूस म्हणजे कोरडा, तर्कट. आणि ज्याला 'आतून वाटतं' तो अनुभवी, अशी एक वाटणी आपण करून टाकली आहे. या वाटणीला पतंजलींचा, उपनिषदांचा, आपल्या संतांचा आधार आहे असे बहुतेकांना वाटते. मला तो आधार सापडला नाही. जे सापडले ते याहून अवघड आहे, आणि मला वाटते, अधिक उपयोगाचे.

❖

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. मराठीत आपण म्हणतो, 'मी विचार केला'. इथे 'मी' कर्ता आहे. विचार हे केलेले काम आहे. ते नीट करता येते, अर्धवट टाकता येते, दुसऱ्यावर ढकलताही येते. पण 'मला सुचलं', 'मला उमगलं', 'मला जाणवलं' म्हणताना 'मी' कर्तेपणाच्या खुर्चीवरून उठलेला असतो. 'मी सुचलो' असे कोणी म्हणत नाही. सुचणे माझ्याकडे येते, मी फक्त ते घेतो. आईच्या मांडीवर शिकलेल्या या भाषेने हा भेद व्याकरणातच करून ठेवला आहे: विचाराला कर्ता लागतो, उमगण्याला नुसता घेणारा पुरतो.

पण हीच भाषा एक सापळाही लावते. 'मला वाटतं' या दोन शब्दांत आपण काय काय कोंबतो पाहा. 'मला वाटतं पाऊस येईल' हा आभाळाकडे पाहून केलेला अंदाज आहे. 'मला भीती वाटते' ही भावना झाली. 'मला वाटतं त्यानं खोटं सांगितलं' यात निरीक्षण, जुना राग आणि ऐकीव गोष्टी यांची खिचडी असते. 'मला आतून वाटतं' असे म्हटले की या खिचडीवर साजूक तूप पडते, आणि मग ती कोणी तपासत नाही. 'वाटणे' येते आपणहून, म्हणून ते वरूनच आले असेल असे आपण धरून चालतो. आपणहून तर शिंकही येते.

योगदर्शनाची पहिली मदत होते ती इथे. आपण 'मन' या एका गाठोड्यात जे बांधतो, ते सांख्य आणि योग सुटे करून वेगवेगळे मांडतात. मन हे इंद्रियांनी आणलेला माल गोळा करणारे, हे की ते करणारे. अहंकार त्यावर 'माझे' अशी चिठ्ठी लावणारा. बुद्धी निश्चय करणारी. वेदान्ताने यात चित्त घालून अंतःकरणचतुष्टय केले. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात इंद्रिये घोडे आहेत, मन लगाम आहे आणि बुद्धी सारथी. म्हणजे 'मनाचं ऐका' हा सल्ला उपनिषदाच्या हिशेबाने 'लगामाचं ऐका' असा होतो. सारथ्याने लगाम ऐकायचा नसतो, धरायचा असतो.

❖

आता पतंजलींच्या योगसूत्रांकडे येऊ. ग्रंथ लहान आहे. समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य असे चार पाद, आणि पाठभेदाप्रमाणे १९५ किंवा १९६ सूत्रे. योग म्हणजे चित्ताच्या वृत्तींचा निरोध, एवढे बहुतेकांना माहीत असते. त्या वृत्ती कोणत्या, हे सांगितले की ऐकणारा दचकतो. त्या पाच आहेत: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. विपर्यय म्हणजे चुकीचे ज्ञान, विकल्प म्हणजे ज्यामागे वस्तू नाही असा नुसता शब्दांचा खेळ. ते थांबवायचे, हे पटते. पण यादीत पहिले नाव प्रमाणाचे आहे. प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले, तर्काने काढलेले आणि विश्वासू माणसाकडून किंवा शास्त्राकडून कळलेले खरे ज्ञान. तेही वृत्तीच आहे, आणि शेवटी तेही शांत व्हायचे आहे.

यावरून पतंजलींना विचार नकोसा होता असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचा पुरावा त्याच पादात थोडे पुढे मिळतो. संप्रज्ञात समाधीच्या ज्या पायऱ्या त्यांनी सांगितल्या, त्यातल्या पहिल्या दोहोंची नावे आहेत वितर्क आणि विचार. समाधीच्या जिन्याची खालची दोन पावले विचाराच्या नावाने आहेत. ज्याने कधी एका विषयावर मन लावून विचार केला नाही, त्याला या जिन्यावर पाय ठेवायला जागाच नाही.

या पायऱ्यांचे वर्णन फार बारकाईचे आहे. समजा, साधक एका गायीवर चित्त एकाग्र करतो. सुरुवातीला 'गाय' हा शब्द, समोरची ती वस्तू आणि तिच्याविषयीची आपली कल्पना, ही तिन्ही एकमेकांत मिसळलेली असतात. आपले रोजचे सगळे जाणणे असेच भेसळीचे असते. वस्तूकडे पाहताना आपण बहुतेक वेळा आपल्याच शब्दाकडे आणि आठवणीकडे पाहतो. ही सवितर्क अवस्था. पुढे आठवण निवळते, शब्द गळून पडतो, आणि नुसती वस्तू उजळते. ती निर्वितर्क. हाच क्रम सूक्ष्म विषयांच्या बाबतीत सविचार आणि निर्विचार या नावांनी येतो. निर्विचार अवस्था पूर्ण निवळली की जी प्रज्ञा उगवते, तिला पतंजली 'ऋतंभरा' म्हणतात: सत्याने भरलेली.

ती श्रेष्ठ का, याचे त्यांनी दिलेले कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यात चमत्कार नाही, ज्ञानशास्त्र आहे. ऐकलेले ज्ञान आणि अनुमान यांना फक्त सामान्य कळते. डोंगरावर धूर दिसला की आग आहे एवढे अनुमान सांगते. कोणती आग, कशी आग, ते सांगत नाही. शब्दही जातीविषयी बोलतो, व्यक्तीविषयी नाही. 'आंबा' हा शब्द सगळ्या आंब्यांचा असतो. हातातल्या या एका आंब्याचा वास त्यात नसतो. ऋतंभरा प्रज्ञेचा विषय आहे तो विशेष. म्हणजे तर्क खोटा ठरलेला नाही. त्याचा पोहोचण्याचा पल्ला सांगितला आहे, इतकेच.

तिसऱ्या पादात आणखी एक शब्द येतो: 'प्रातिभ'. प्रतिभेतून, कोणत्याही बाह्य निमित्ताशिवाय उमटणारे ज्ञान. अंतर्ज्ञान या शब्दाने आज आपल्याला जे म्हणायचे असते, त्याच्या सर्वांत जवळचा जुना शब्द हाच. व्यासभाष्य त्याची तुलना सूर्योदयाआधीच्या प्रभेशी करते. तांबडे फुटले आहे, सूर्य अजून यायचा आहे. पतंजली त्याचे सामर्थ्य मान्य करतात आणि थोड्याच सूत्रांनंतर बजावतात की अशी प्राप्ती व्यवहारात सिद्धी वाटली, तरी समाधीच्या वाटेवर ती अडथळाच आहे. अंतर्ज्ञान झाले म्हणून हुरळून जाणाऱ्याला योगसूत्रे शाबासकी देत नाहीत. ध्येय आहे विवेकख्याती: पाहणारा आणि दिसणारे यांतला भेद अखंड स्पष्ट राहणे. विवेक म्हणजे वेगळे करणे, निवडणे. तांदूळ निवडावेत तसे.

❖

योगाची अंगे किती, असे विचारले तर शाळकरी मुलेही आठ सांगतील. पण मैत्रायणी उपनिषदात सहा अंगांचा योग आहे, आणि त्या सहांत प्राणायाम, प्रत्याहार, ध्यान, धारणा आणि समाधी यांच्या बरोबरीने बसलेले एक अंग आहे तर्क. समाधीच्या अगदी अलीकडे त्याला जागा दिली आहे. काश्मीरच्या शैव परंपरेत अभिनवगुप्त तर आणखी पुढे जातात. त्यांच्या मते तर्क, म्हणजे शुद्ध झालेला सत्तर्क, हेच योगाचे उत्तम अंग. बाकीची अंगे त्याच्या मदतीला. काय टाकायचे आणि काय घ्यायचे हे ठरवणारे दुसरे कोणी नाही म्हणून.

मग तर्काने आत्मा मिळत नाही, हे कठोपनिषदातले प्रसिद्ध म्हणणे? ते आहेच. पण त्याच उपनिषदात पुढच्या वल्लीत असेही आहे की तो गूढ आत्मा टोकदार, सूक्ष्म बुद्धीने दिसतो. पहिले वाक्य सर्वांच्या ओठांवर असते, दुसरे फारसे कोणी सांगत नाही. दोन्ही एकत्र ठेवले की चित्र बदलते. बोथट बुद्धीने केलेली घासाघीस आणि टोक काढलेली बुद्धी यांत फरक आहे. पेन्सिलीला टोक नसेल तर दोष कागदाला देऊन चालत नाही.

❖

आतापर्यंत योग्यांची बाजू झाली. आपल्या दर्शनपरंपरेची ताकद अशी की तिच्यात विरोधी पक्ष नेहमी जागा असतो. या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण मी त्यालाच दिले आहे.

मीमांसकांनी, विशेषतः कुमारिल भट्टांनी, योग्याचे प्रत्यक्ष ही कल्पनाच नाकारली. प्रत्यक्ष म्हणजे समोर असलेल्या वस्तूशी इंद्रियाचा संबंध. भूत-भविष्य समोर नसते. मग ते 'प्रत्यक्ष' कसे? आणि एकाला आतून धर्म दिसतो असे मानले, तर दुसऱ्यालाही मानावे लागेल. बुद्धाला दिसले, महावीरांना दिसले, आणि दोघांनी सांगितलेले जुळत नाही. आता निवाडा कोणी करायचा? आतल्या आवाजाच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक भांडणात हा प्रश्न आजही तसाच उभा असतो.

बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी योग्याचे प्रत्यक्ष मानले, पण त्याला पहारेकरी नेमला. एखाद्या गोष्टीचे चिंतन सातत्याने वाढवत नेले की ती समोर असल्यासारखी स्पष्ट दिसू लागते, हे खरे. पण मग कामातुराला प्रिया दिसते, शोकात बुडालेल्याला गेलेला मुलगा दिसतो, भ्यालेल्याला चोर दिसतो. तेही तितकेच स्पष्ट असते. म्हणून स्पष्टता हा सत्याचा पुरावा नव्हे. ज्याचे चिंतन केले ती गोष्ट आधी प्रमाणांनी खरी ठरलेली असली पाहिजे. ध्यानाच्या आधी तर्काची चाळणी. 'मला इतकं स्पष्ट जाणवलं' म्हणणाऱ्या प्रत्येकाने, माझ्यासकट, हा मुद्दा चिठ्ठीवर लिहून उशाशी ठेवावा.

व्याकरणकार भर्तृहरींनी प्रतिभेचा विचार आणखी वेगळ्या अंगाने केला. वाक्याचा अर्थ एकदम, अखंड उमगतो, ती प्रतिभाच आहे असे ते म्हणतात. पक्ष्याला घरटे बांधायला कोण शिकवते, हा प्रश्नही ते याच संदर्भात घेतात. रत्न किंवा नाणे पारखणाऱ्याची नजर ही त्यांच्या मते अनुमान नाही; ती अभ्यासाने येते आणि दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही. आपल्या पेठेतला जुना सराफ दागिना नुसता हातात घेऊन मान हलवतो, ते हेच. आज आपण ज्याला अंतर्ज्ञान म्हणतो, त्यातले कितीतरी या खात्यात जमा होईल: अनुभवी डॉक्टरांना दारातून आत येणारा रोगी पाहूनच येणारी शंका, शेतकऱ्याला वाऱ्यावरून कळणारा पाऊस. तो न आठवणारा अभ्यास असतो. हजारो वेळा केलेला विचार तिथे हाडीमासी मुरलेला असतो.

आणि मग न्यायवैशेषिकांची ती मुलगी. आर्ष किंवा प्रातिभ ज्ञान ऋषींना होते, पण क्वचित साध्या माणसांनाही होते, असे सांगताना ते उदाहरण देतात: एखादी मुलगी म्हणते, उद्या माझा भाऊ येणार, माझे हृदय मला सांगते आहे. आणि तो येतो. नवव्या शतकातले काश्मीरचे नैयायिक जयंत भट्ट या मुलीची बाजू नेटाने लढवतात. तिच्या ज्ञानात शंका नाही, ते खोटे ठरलेले नाही, मग ते प्रमाण का मानू नये?

जयंत भट्टांविषयी पूर्ण आदर ठेवून मला इथे एक अनुभव सांगायचा आहे. काही वर्षांपूर्वी कामासाठी नागपूरला गेलो असताना पहाटे जाग आली ती एका खात्रीनेच: आईला काहीतरी झाले आहे. घरचा फोन लागेना. छातीत धडधड, डोळ्यांसमोर रुग्णालयाची खोली. काम अर्धवट टाकून मिळेल ती गाडी पकडली आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला घरी पोहोचलो. आई गच्चीवर कुरडया घालत होती. "अरे, आज कसा काय उगवलास?" म्हणाली, आणि सोऱ्या माझ्या हातात दिला. पुढे तीन वर्षांनी ती खरोखर न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले. त्या वेळी मी एका फार्सला खळखळून हसत होतो. मनात पाल चुकचुकलीसुद्धा नाही. त्या मुलीचा भाऊ आला म्हणून ती ग्रंथात आली. ज्यांचे भाऊ आले नाहीत, त्या मुलींची नोंद कोणी ठेवली?

❖

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिला नाही. ज्ञानदेवांचा अनुभवामृत हा ग्रंथ याबाबतीत आश्चर्यकारक आहे. नाव अनुभवाचे, आणि त्यातले सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाचे. अज्ञान नावाची वस्तू असूच शकत नाही, हे ते एखाद्या कसलेल्या वकिलासारखे मुद्द्यामागून मुद्दा मांडत दाखवतात. शब्दाची महती आणि त्याची मर्यादा या दोहोंवर स्वतंत्र प्रकरण आहे. आत्म्याला कळण्यासाठी प्रमाणांची गरज नाही, हे सांगायला त्यांनी प्रमाणांच्या आखाड्यातले सगळे डाव वापरले. अनुभवी माणसाने तर्क टाकून द्यावा असे त्यांना वाटले असते, तर हा ग्रंथ लिहिलाच गेला नसता.

समर्थ रामदासांनी सगळ्या वादाला एक व्यवहारी शब्द दिला: प्रचीती. दासबोधात ती तीन प्रकारची येते: शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती. स्वतःच्या अनुभवाला जागा आहे, पण तो एकटा साक्षीदार म्हणून उभा नाही. शास्त्राचे म्हणणे, जाणत्याचे म्हणणे आणि स्वतःचा अनुभव यांचा मेळ बसावा लागतो. एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये, हे गावच्या पंचांनाही ठाऊक असते.

विसाव्या शतकात गुरुदेव रा. द. रानडे यांनी हा प्रश्न आधुनिक तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडला. १८८६ साली जमखिंडीत जन्मलेले रानडे पुण्यात आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत, आणि निंबाळच्या आश्रमात नामस्मरण करत. महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी साक्षात्काराला बुद्धी, भावना आणि इच्छाशक्ती यांचा शत्रू मानलेले नाही. या तिन्हींच्या मुळाशी असलेली ती शक्ती आहे, आणि त्या तिन्हींशिवाय गूढानुभूती पुरी होत नाही, असा त्यांचा रोख आहे. त्याच्या दशकभर आधी काशीच्या गोपीनाथ कविराजांचा प्रतिभा या संकल्पनेवरचा दीर्घ निबंध पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात आला होता. सगळी दर्शने या एका शब्दाभोवती गोळा करणारा तो निबंध वाचल्यावरच मला या पुस्तकाचा आराखडा सुचला. 'सुचला' हा शब्द इथे मी जपून वापरतो आहे. त्याआधी दोन वर्षे टिपणे काढून झाली होती.

❖

आता पुन्हा अरविंदांकडे. मन निःशब्द झालेला हा माणूस पुढे पाँडिचेरीला गेला आणि १५ ऑगस्ट १९१४ पासून 'आर्य' नावाचे मासिक काढू लागला. महिन्याला ६४ पाने, ती बहुतेक एकट्याने लिहिलेली, १९२१ च्या जानेवारीपर्यंत. विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानातले काही सर्वांत दाट युक्तिवाद त्यात आहेत. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण मांडायचे, त्याला न्याय द्यायचा, मग पुढे जायचे. विचार थांबलेल्या माणसाकडून विचाराचे एवढे मोठे काम कसे झाले? त्यांच्या आधीच्या आयुष्यात याचे निम्मे उत्तर आहे. लेल्यांसमोर बसलेले मन कोरे झाले, पण ते अडाणी नव्हते. पुसलेली पाटी आणि कधीच न लिहिलेली पाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उरलेले अर्धे उत्तर अंतर्ज्ञानाविषयी त्यांनी जे ठरवले त्यात आहे. मन आणि त्याच्या पलीकडचे अतिमानस यांच्यामध्ये त्यांनी चार पायऱ्या मानल्या. अंतर्ज्ञान त्यातली तिसरी. म्हणजे ते शिखर नव्हे. शिवाय आपल्यापर्यंत पोहोचणारे अंतर्ज्ञान बहुधा भेसळीचे असते. वरून ठिणगी पडते आणि मन लगेच तिच्यावर स्वतःचा अर्थ, स्वतःची हाव थापते, असे त्यांनी वारंवार बजावले.

आणि बजावून ते थांबले नाहीत. १९१२ ते १९२० या काळात त्यांनी आपल्या साधनेच्या खासगी नोंदवह्या ठेवल्या. त्या त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. 'रेकॉर्ड ऑफ योग' या नावाने त्यांचे दोन खंड २००१ मध्ये निघाले. मी त्या प्रथम उघडल्या तेव्हा दिव्य अनुभवांच्या वर्णनाची तयारी ठेवली होती. हाती आले ते प्रयोगशाळेतले टिपण. समोरचा पक्षी कोणत्या दिशेला उडेल, एखादा माणूस कुठे वळेल, असे आतून उमटलेले ज्ञान आधी पाहायचे आणि मग काय झाले ते लिहायचे. बरोबर, अंशतः बरोबर, चूक. ज्याच्या पायाशी पुढे शेकडो माणसे बसली, तो माणूस चिमणीने आपल्याला कसे चुकीचे ठरवले हे लिहून ठेवत होता.

या नोंदींची गरज का होती, हे समजायला लेल्यांशी झालेली त्यांची शेवटची ताटातूट आठवावी. मुंबईत लेल्यांनीच त्यांना सांगितले होते की आता आतल्या मार्गदर्शकावर विसंबा. काही आठवड्यांनी कलकत्त्यात त्यांनी विचारले, सकाळ-संध्याकाळ ध्यान करता ना? अरविंद नाही म्हणाले. ध्यान आता सतत चालूच आहे असे त्यांना वाटत होते. लेल्यांनी ओळखले की यांना आसुरी शक्तीने धरले आहे. दोघेही साधक, दोघांनाही आतून कळलेले, आणि दोघांचे कळणे परस्परविरुद्ध. कुमारिलांचा प्रश्न कलकत्त्याच्या एका खोलीत उभा राहिला होता. त्या प्रश्नाला मला माहीत असलेले एकच प्रामाणिक उत्तर म्हणजे ती वही.

पुस्तकाची रचना आता दोन वाक्यांत सांगता येईल. पहिल्या भागात अंतःकरणाची मांडणी आणि योगसूत्रांतला वितर्कापासून ऋतंभरेपर्यंतचा जिना आहे. दुसऱ्यात विरोधी पक्षाचे आक्षेप आहेत, आणि तिसऱ्यात मराठी संतांपासून अरविंदांपर्यंत त्या आक्षेपांना दिलेली, बहुतेक वेळा जगून दिलेली, उत्तरे. घाई असलेल्या वाचकाने दुसरा भाग गाळू नये. पहिला वाचून तिसऱ्यावर उडी मारणारा माणूस माझ्यासारखाच नागपूरहून रात्रीची गाडी पकडतो.

मी योगी नाही. रोज पहाटे अर्धा तास बसतो, आणि त्यातली पंचवीस मिनिटे विचार बाहेरून येतात की आतून, हे ठरवण्यातच जातात. पण आई पडली त्या वर्षापासून एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. आतून काही ठामपणे 'वाटले' की तारीख घालून लिहितो. पुढे काय झाले तेही शेजारी लिहितो. उजवीकडचा रकाना भरायला लागतो तेव्हा डावीकडच्या वाक्यांतला 'मी' दिसू लागतो: इथे भीती होती, इथे मत्सर होता, इथे नुसते अपचन. क्वचित एखादी ओळ अशी येते की तिच्यात यांपैकी काहीच सापडत नाही, आणि ती खरी ठरलेली असते. सव्वाशे पाने भरली आहेत. अशा ओळी चार आहेत.